स्टेशनजवळचं जिन विकणे आहे

स्मरणिका समितीकडून दोनदा निरोप आला की काहीतरी लिहून दे. शाळेच्या आठवणी तर सगळेच लिहिणार. घंटा, छडी, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, शिरसाळ्याच्या मारुतीला गेलेली पायी सहल, हे सगळं या अंकात कुणी ना कुणी लिहिलेलं असेलच. म्हणून मी ठरवलं की शाळेत बसून ज्याचा भोंगा आपण रोज ऐकला, त्या जिनबद्दल लिहावं. कारण ते आता विकायला काढलं आहे.

त्या जिनचं नाव मी मुद्दाम देत नाही. आपल्या वेळच्या मुलामुलींना ते कळेलच. ज्यांना कळणार नाही त्यांनी बोदवड, जामनेर, वरणगाव किंवा मलकापूरकडचं कुठलंही जुनं जिन डोळ्यांपुढे आणावं, फार फरक पडणार नाही. मोठं लोखंडी फाटक, आत वजनकाटा, त्याच्या बाजूला मुनिमाची खोली, समोर कापसाच्या गंज्यांसाठी फरशीचे ओटे, डाव्या हाताला जिनघर, उजवीकडे प्रेसघर आणि मागे पन्हाळी पत्र्याचं लांबलचक गोदाम. गेल्या दिवाळीत मी गावी आलो तेव्हा फाटकावर पाटी दिसली : 'गोदाम, शेड व मोकळी जागा विकणे आहे. एजंट क्षमस्व.'

जिनचा मालक आपल्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "अरे, तू बँकेत होता. येऊन एकदा बघ ना, भाव काय धरावा ते सांग." मी तीस-पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली बरीचशी कर्जविभागात गेली. रुईच्या गाठी तारण ठेवून जिनवाल्यांना कर्ज द्यायचं, गोदामाला एक कुलूप त्यांचं आणि एक आमचं लावायचं, दर पंधरवड्याला जाऊन गाठी मोजायच्या, हे काम मी कित्येक गावांत केलं. नंतरच्या काळात बंद पडलेल्या जिनांच्या मालमत्तेची मूल्यांकनंही पाहिली. तेव्हा जागेचा भाव काढणं मला अवघड नव्हतं. अवघड होतं ते वेगळंच. ते पुढे सांगतो.

आधी हे जिन इथे का आलं ते सांगायला हवं. शाळेत आपण अमेरिकेचं यादवी युद्ध शिकलो, पण त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. १८६१ ते १८६५ या काळात ते युद्ध चाललं. अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं. लँकेशायरच्या गिरण्या अडल्या आणि त्यांच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी त्या पैशात बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. जळगाव त्या काळात कापसाची मोठी पेठ झालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्याच जळगावच्या पेठेला मोठा फटका बसला. कापसाच्या भावाची ही चढउतार आपल्याकडे तेव्हापासून आहे.

त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं काम भुसावळहून पूर्वेकडे चाललं होतं. एक फाटा जबलपूरच्या दिशेने निघाला आणि दुसरा वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. हा दुसरा मार्ग आपल्या उशाशी, नाडगावला लागून गेला. गाव आणि स्टेशन यांच्यात अंतर राहिलं, म्हणून आपल्याकडे 'स्टेशनवर जाणं' हा तेव्हापासून एक छोटा प्रवासच आहे. त्याआधी वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर घाट उतरून मुंबईला जात असे. वाटेत पावसात भिजायचा, मातीत मळायचा. रेल्वे आल्यावर तोच माल काही दिवसांत बंदरावर जाऊ लागला.

पण रेल्वेला मोकळा कापूस नको होता. कापूस फुगतो. डबा भरतो पण वजन भरत नाही. शिवाय शेतकरी जो कापूस आणतो त्यात दोन तृतीयांश वजन सरकीचं असतं. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. ती सरकी मुंबईला नेऊन काय करायची? म्हणून रेल्वेच्या कडेलाच सरकी काढायची, रुई दाबून तिची गासडी बांधायची आणि मग डब्यात चढवायची, अशी व्यवस्था बसली. पूर्वी घराघरांत बाया हातरेच्यावर सरकी काढत. त्याच्या जागी मॅकार्थी जिन आलं. चामडं गुंडाळलेला एक रूळ, त्याला टेकलेलं एक स्थिर पातं आणि खालीवर होणारं दुसरं पातं. रूळ तंतू ओढून घेतो, पातं सरकी झटकतं. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी ही यंत्रं इतकी पाठवली की आपल्याकडच्या कित्येक जिनांत त्यांच्या नावाची ओतीव अक्षरं अजून दिसतात. मुळात इतकं सोपं यंत्र आहे की दीडशे वर्षांनंतरही तत्त्व तेच राहिलं. एका रुळाचे दोन रूळ झाले, वाफेच्या जागी वीज आली, एवढंच.

म्हणून तुम्ही भुसावळहून नागपूरकडे गाडीने निघालात तर प्रत्येक कापसाच्या गावी स्टेशनच्या जवळ जुन्या चिमण्या आणि पन्हाळी पत्र्यांची छपरं दिसतील. जळगावात १८७० च्या दशकात मुळजी जेठांची सूतगिरणी उभी राहिली, अमळनेरला १९०६ मध्ये प्रताप मिल निघाली. पण जिन-प्रेस हे गिरणीसारखे शहरात राहिले नाहीत. ते गावोगाव पसरले. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार या पट्ट्यात फिरत. आपल्या परिसरात कालवा नाही, मोठी नदी जवळ नाही, पूर्णेचं पाणी नळाने यायचं तर त्यालाही किती वर्षं गेली. पण काळी जमीन आणि रेल्वे, या दोन गोष्टींवर बोदवडची पेठ उभी राहिली.

कापसाचं बियाणंही या काळात बदलत गेलं. १८६० च्या दशकात खानदेशचे कलेक्टर अॅशबर्नर यांनी आखूड धाग्याच्या स्थानिक जातीऐवजी हिंगणघाटी बियाणं पसरवण्याचा मोठा खटाटोप केला. पुढे जास्त रुई देणारं पण जाडंभरडं रोझियम पसरलं. त्यानंतर आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला जरीला, मग विरनार. आपण शाळेत होतो तेव्हा शेतकरी संकर-४ चं कौतुक करत होते. ती सुरतच्या केंद्रात तयार झालेली, १९७० मध्ये आलेली जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी. आणि २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. प्रत्येक वेळी जिनच्या दारात येणाऱ्या कापसाचा धागा बदलला आणि मुनिमाच्या वहीतला रुईचा उतारा बदलला.

आता इतिहासाचा तो भाग, जो आपल्याला शाळेत कुणी सांगितला नाही. मलाही तो फार उशिरा कळला.

देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता, आणि वर्षातले चार महिनेसुद्धा न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिन तर हंगामी. दसरा-दिवाळीला सुरू होणार, उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद होणार. म्हणजे कित्येक जिनं कायद्याबाहेरच राहिली. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने एक कारखाना आयोग नेमला. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या. त्या वाचताना अंगावर काटा येतो. पहाटे चार-पाचला कामाला लागलेल्या बाया रात्री दहापर्यंत जिनसमोर उभ्या. माल साचला की त्याच बाया आणि तेच पुरुष सलग कित्येक दिवस-रात्र कामावर. १८९१ च्या दुरुस्तीने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला. पण हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने कायद्यात यायला १९११ चा कायदा उजाडावा लागला. म्हणजे पहिला कायदा झाल्यावर तब्बल तीस वर्षं.

त्यानंतर १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंगसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने काय केलं? प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक ठोकणं सक्तीचं केलं. गाठीत माती, पाणी किंवा हलका कापूस निघाला तर ती कुठल्या गावच्या कुठल्या प्रेसमधून आली हे लिव्हरपूलला किंवा मुंबईला बसून शोधता यावं, हा हेतू. चांगलाच कायदा होता. गोदामात गाठी मोजताना मला त्याचा उपयोग व्हायचा. पण गाठ कुणी बांधली, सरकी कुणी काढली, याचा शोध कुणाला लागणार नव्हता आणि कुणाला हवाही नव्हता.

आता आपल्या वेळेकडे येतो. आपण शाळेत होतो तो काळ एकाधिकार खरेदीचा. १९७१ चा कायदा, १९७२ च्या हंगामापासून अंमल. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. १९८४ मध्ये त्यासाठी कापूस उत्पादकांचा वेगळा पणन महासंघ झाला. खासगी जिनं महासंघासाठी ठरलेल्या दराने सरकी काढून गाठी बांधून देऊ लागली. जिनमालक व्यापारी होता तो ठेकेदार झाला.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर योजनेत भाव आधीच माहीत होता, हे मोठंच. व्यापाऱ्याच्या काट्याला आणि कट्टीला कंटाळलेल्या माणसाला तो आधार वाटला. पण केंद्राबाहेरच्या रांगा आठवतात ना? बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार रस्त्यावर. दोन-दोन, तीन-तीन दिवस नंबर लागायचा नाही. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं वडिलांच्या जागी गाडीवर रात्र काढायची आणि सकाळी डोळे चोळत शाळेत यायची. मग ग्रेडर प्रत ठरवणार. त्याने मूठभर कापूस हातात घेऊन ओढून पाहिला की सगळ्यांचा श्वास रोखला जायचा. चुकारा सोसायटीचं कर्ज वळतं करून हातात येणार, आणि काही रक्कम पुढच्या हप्त्याला. भाव शेजारच्या राज्यात जास्त असला की रात्री गाड्या कुठे वळायच्या तेही आपल्याला ठाऊक होतं. मध्य प्रदेशची हद्द काही लांब नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी आपल्या वर्गाची हजेरी निम्म्यावर यायची. वेचणीला जाणारी मुलं शाळेत यायची नाहीत. आपले गुरुजी चिडायचे, पण सायकलवर बसून शेतापर्यंतही यायचे. एका सरांनी तर वेचणीच्या ओळीत उभं राहून पाढे म्हणून घेतलेले मला आठवतात. सर, तुम्ही हा अंक वाचणार हे मला माहीत आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी आम्हाला जिन पाहायला नेलं. पास्कलचा नियम शिकवायचा होता. प्रेसघरात पंपावरचा एक लहान दट्ट्या, त्यातून तेलावर दिलेला दाब आणि खाली मोठा दट्ट्या रुई कशी चेपतो हे दाखवून सर म्हणाले, "पुस्तकात आकृती आहे ना, ती ही." खोलीभर रुई पेटीत गेली, चेपली, पट्ट्या आवळल्या आणि एक गाठ बाहेर आली. सरांनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं : एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आज गाठ १७० किलोची धरतात, जुनी ३९२ पौंडांची होती, आणि अशा दोन गाठींची एक खंडी. हे आकडे मला नोकरीत आयुष्यभर उपयोगी पडले. त्या एका सहलीत मी जे शिकलो ते विसरलो नाही.

प्रेसघरातून आम्ही जिनघरात गेलो. दोन्ही बाजूंनी जिनांच्या रांगा, मध्ये अरुंद वाट, हवेत तंतूंचं धुकं. प्रत्येक जिनसमोर एक बाई उभी. नाकातोंडावर पदर बांधलेला, पापण्यांवर पांढरी लव. हाताने कापूस सोडवून यंत्राच्या तोंडाशी घालत होत्या. खडखडाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. डाव्या रांगेतली तिसरी बाई माझी माय होती.

तिने मला पाहिलं. तिचे डोळे हसले, एवढं मला दिसलं. हात थांबवायची सोय नव्हती. माझ्या शेजारी आपल्या वर्गाची मुलं होती, पुढे जिनमालकाचा मुलगा होता, तोही आपल्याच वर्गातला. मी मान वळवली आणि छताच्या कैच्या पाहू लागलो. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "कुणाच्या घरचं कुणी इथे कामाला आहे का रे?" दोघा-तिघांनी हात वर केले. मी केला नाही.

घरी आल्यावर माय काही बोलली नाही. भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "आलते ना तुम्ही आज जिनावर. तुहे सर चांगले हायेत." तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. तिने सतरा हंगाम त्या जिनवर काढले. तीन एकर कोरडवाहूत आमचं भागत नव्हतं. माझी फी, वह्या, पुढे जळगावच्या कॉलेजचं भाडं, सगळं जिनवरचं. आणि मी हात वर केला नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मित्रहो, आज तुम्हाला सांगतो आहे.

तर दिवाळीनंतरच्या सोमवारी मी आणि आपला मित्र जिन पाहायला गेलो. आधी व्यवहाराचं सांगतो, कारण गाव सोडून गेलेल्यांना प्रश्न पडतो की एवढं मोठं जिन बंद का पडलं. कारण एक नाही. २००२ मध्ये एकाधिकार संपून खासगी खरेदी पुन्हा सुरू झाली. त्याआधी, २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाचं तंत्रज्ञान अभियान आणलं होतं. जुन्या जिनांचं आधुनिकीकरण करायला अनुदान, पण स्वतःचं भांडवल आधी घालायचं. कापूस आपोआप खेचून नेणारे पट्टे, आपोआप भरणारी जिनं, रुई साफ करणारी यंत्रं, एकाच ठिकाणी गाठ बांधणारा नवा प्रेस. ज्यांनी ते केलं ती जिनं टिकली. ज्यांनी केलं नाही त्यांच्या रुईला गिरण्या कमी भाव देऊ लागल्या. जिथे तीस-चाळीस बाया लागायच्या तिथे आता चार-पाच माणसं पुरतात.

दुसरं कारण रस्ता. हे जिन रेल्वेसाठी बांधलेलं. रेल्वेने सुट्या वाघिणींची मालवाहतूक हळूहळू बंद करत आणली आणि पूर्ण गाडी भरेल असाच माल घेऊ लागली. गाठी ट्रकवर गेल्या. ट्रक महामार्गावर धावतो, आणि महामार्ग वरणगाव-मुक्ताईनगरवरून मलकापूरला जातो, बोदवडला बगल देऊन. ज्या रेल्वेने आपली पेठ घडवली तिच्या कडेला असणं हाच पुढे तोटा झाला. आणि तिसरं, बोंडअळी असो की पाऊस, कापूस कमी झाला की जिनांना पुरेसा माल मिळत नाही. मोठी जिनं माल ओढून नेतात, लहान बंद राहतात. बँकेत बसून मी अशी कितीतरी खाती थकताना पाहिली. त्यात सगळे मालक लबाड नव्हते. बरेचसे फक्त उशीर झालेले होते.

म्हणून भाव काढताना मी मित्राला सरळ सांगितलं. यंत्रांची किंमत भंगाराची. गोदामाच्या कैच्या आणि सागवानी दारं चांगली आहेत, पण उंची कमी, आतमध्ये मोठा ट्रक वळत नाही. धान्य किंवा खताच्या साठवणुकीला कुणी भाड्याने घेईल, पण विकत घेणारा घेईल तो जमिनीसाठी. तो सगळं पाडून प्लॉट पाडील. मित्र म्हणाला, "तसंच दिसतं. एकाने बयाणा द्यायची तयारी दाखवली आहे. संक्रांतीनंतर पाडायला घेणार म्हणतो."

आम्ही हौदाजवळ थांबलो. प्रत्येक जिनमध्ये आगीसाठी पाण्याचा हौद असायचा, विम्यासाठीही तो लागायचा. रुईची आग वरून विझली तरी गाठीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसते. १९७२ च्या दुष्काळात याच हौदातलं पाणी गल्लीला वाटलं होतं, मित्राच्या आजोबांनी. ती आठवण गावात अजून आहे आणि ती नोंदवायलाच हवी.

मग मुनिमाची खोली. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे होते. उधईने बऱ्याच खाल्ल्या होत्या. एक गठ्ठा शाबूत होता, हजेरीपटांचा. १९७८-७९ च्या हंगामाची वही मी उघडली. बायांची नावं ओळीने, फक्त पहिलं नाव आणि गाव किंवा नवऱ्याचं नाव, पुढे रोजच्या हजेरीची फुली, महिनाअखेर अंगठा. मायचं नाव सापडलं. प्रत्येक दिवसापुढे आठ तास लिहिलेले. मला आठवत होतं, हंगाम भरात असताना ती दुसऱ्या भोंग्यालाही घरी येत नसे. आम्ही भावंडं तिची वाट पाहत झोपून जायचो. वहीत आठ, आणि प्रत्यक्षात बारा. जे कायद्याने १९११ पासून बांधलं होतं ते वहीत पाळलेलं होतं.

मी ते मित्राला दाखवलं. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहीत लिहायला मी लहान होतो. पण नंतर माझ्या हातात आलं तेव्हाही आम्ही तसंच लिहीत होतो." मी विचारलं, "हे स्मरणिकेत लिहू का?" तो म्हणाला, "लिही. जे आहे ते लिही. हौदाचंही लिही, हेही लिही." म्हणून दोन्ही लिहिलं आहे.

ती वही मी घरी नेली. माय आता ऐंशीच्या घरात आहे. थंडीत खोकला वाढतो. डॉक्टर विचारतात, पूर्वी धुळीत काम केलंय का? मी तिच्यापुढे वही धरली, तिचा अंगठा दाखवला. तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "याच्यातल्या बाया वाच." मी वाचत गेलो. प्रत्येक नावाला ती थांबवायची. ही नाडगावहून पायी यायची. हिचं लेकरू जिनच्या ओट्यावर झोळीत असायचं. हिची दोन बोटं गेली, तरी दुसऱ्या हंगामाला आली. ही गाणं म्हणायची, पण खडखडाटात ऐकू फक्त शेजारणीला यायचं. तासभर आम्ही वाचत होतो. शेवटी मी सहलीच्या दिवसाचं विचारलं. ती म्हणाली, "मले दिसलं होतं तू कोठी पाहत होता ते. लेकरू होता तू." एवढंच. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने ते कधी धरलंच नव्हतं.

त्या वहीतली बरीच नावं आपल्या वर्गातल्या मुलामुलींच्या आयांची आणि आज्यांची आहेत. मी त्यांची यादी केली आहे. मायला जितकं आठवलं तितकं प्रत्येक नावापुढे लिहिलं आहे. मित्राने उरलेल्या सगळ्या वह्या, वजनकाट्याची जुनी मापं आणि गाठींवर खूण मारायचा साचा शाळेच्या वाचनालयाला द्यायचं कबूल केलं आहे. मुख्याध्यापकांनी एक कपाट रिकामं करून देतो असं सांगितलं. जिन पाडलं जाईल. त्याला आपण अडवू शकत नाही, आणि मित्राच्या डोक्यावरचं कर्ज फिटायला ते विकलं जाणं गरजेचंही आहे. पण वह्या पाडायचं काही कारण नाही.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एका टेबलावर ती यादी ठेवणार आहे. आपल्या घरचं नाव दिसलं तर पुढे पूर्ण नाव लिहा. आई-आजी हयात असेल तर तिला सोबत आणा, खुर्च्यांची सोय केली आहे. हमाल, तोलणारे, फिटर, गाडीवान यांच्या नोंदी अजून सापडल्या नाहीत. कुणाकडे जुनी काटापावती, चुकाऱ्याची चिठ्ठी, जिनसमोरचा एखादा फोटो असेल तर तोही आणा, प्रत काढून मूळ लगेच परत देऊ.

आणि विज्ञानाचे सर येणार आहेत असं समितीने कळवलं आहे. सर, तुम्ही नववीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. माय सोबत येणार आहे.